तारेचं टोक

मी तात्पुरत्या पेसमेकरचा वेग हळूहळू खाली आणला आणि आजोबांचा स्वतःचा ठोका दिसायची वाट पाहिली. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, आणखी खाली. मग तो दिसला. मिनिटाला ३४.

पडद्यावर त्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ८२ वेळा आकुंचन पावत होते आणि खालचे ३४ वेळा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. वरून निघालेला विजेचा निरोप वाटेतच अडकत होता. याला आम्ही कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतो. आजोबांचं वय ७२, गाव आटपाडीकडचं, डाळिंबाची बाग. सहा महिने त्यांना चक्कर येत होती. गावाकडच्या एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळत राहिल्या, नाडी कुणी मोजली नाही. दोन दिवसांपूर्वी बागेत उभे असतानाच ते कोसळले, तेव्हा सुनेने गाडी करून त्यांना मिरजेला आणलं. रात्री मांडीच्या शिरेतून तात्पुरती वायर घातली होती. आज कायमचा पेसमेकर बसणार होता.

मी इथल्या एका रुग्णालयात सोळा वर्षं कॅथलॅब टेक्निशियन आहे. पेसमेकर बसवताना डॉक्टरांचे हात शिरेत असतात आणि माझे डोळे आकड्यांवर. बाहेर बसलेले नातेवाईक इतक्या वर्षांत तेच तीन प्रश्न विचारत आले आहेत: मशीन कुठल्या कंपनीचं, सेल किती वर्षं टिकेल, मोबाइल चालतो का. सगळे प्रश्न डबीबद्दलचे. आजोबांनी मात्र टेबलावर झोपल्या झोपल्या वेगळंच विचारलं.

"बाय, डबी बसवनार हितं खांद्याखाली. काळीज तर तितं आत. मग हिचं त्याला कळनार कसं?"

पेसमेकरबद्दल विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या क्षेत्रात जे कष्ट झाले, त्यातले कितीतरी डबीपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेवर आणि त्या तारेच्या दोन मिलिमीटरच्या टोकावर खर्ची पडले आहेत. आम्ही तिला लीड म्हणतो.

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. भूल तेवढ्याच जागेपुरती असते, माणूस जागा असतो आणि बोलतो. चार-पाच सेंटिमीटरची चीर घेतली आणि डॉक्टर खांद्याच्या व छातीच्या स्नायूंमधल्या फटीत, पिवळ्या चरबीत, सेफॅलिक शीर शोधू लागले. ती बारीक असते आणि सहज हाती लागत नाही. त्याऐवजी हाडाखालच्या मोठ्या शिरेत थेट सुई घातली तर काम पाच मिनिटांत होतं. पण तिथे गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात लीड सापडू शकते. हात वर-खाली करताना ती तिथे दाबली जात राहते आणि काही वर्षांनी आतली तार तुटते. अशा तुटलेल्या लीडचे एक्स-रे मी पाहिले आहेत. डबी ठणठणीत, सेल भरलेला, आणि माणूस पुन्हा चक्कर येऊन पडलेला. म्हणून शीर शोधण्यात गेलेल्या दहा मिनिटांची मला कधी घाई वाटत नाही.

शिरेतून जायचं हेही एके काळी सुचावं लागलं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तेव्हा छाती उघडून हृदयाच्या बाहेरच्या अंगाला तारा टाकल्या होत्या. यंत्र घडवलं होतं रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने, बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून, इपॉक्सी ओतून. लार्सन यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी हट्टच धरला होता, म्हणून ते त्या वेळी झालं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. लार्सन मात्र २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तोवर त्यांनी वीसहून अधिक पेसमेकर वापरले होते, आणि त्यांना वाचवणारे सर्जन व अभियंता दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

त्याच १९५८ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात सीमोर फरमन या तरुण सर्जनने छाती न उघडता शिरेतून तार हृदयाच्या आत नेली. यंत्र बाहेर, चाकांच्या गाड्यावर, भिंतीतल्या विजेवर चालणारं. एक वृद्ध रुग्ण त्या तारेवर ९६ दिवस जगला. वायर पुरेल तितकंच त्याला चालता येई. आज आम्ही ज्या वाटेने जातो ती फरमन यांची वाट आहे.

शीर सापडली. बारीक वाटाड्या तारेवरून आवरणाची नळी आत गेली, तिच्यातून लीड. एक्स-रेच्या पडद्यावर ती काळ्या दोऱ्यासारखी उतरत होती: मोठ्या शिरेतून उजव्या वरच्या कप्प्यात, मग झडप ओलांडून खालच्या कप्प्यात. झडप ओलांडताना दोन-तीन ठोके वाकडे आले. आजोबा म्हणाले, "छातीत फडफडलं." डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे आजोबा, आत्ता फडफडणारच."

मी नोकरीला लागले तेव्हा लीडचं टोक उजव्या खालच्या कप्प्याच्या तळाशी नेऊन टेकवत. तिथे ते सहज बसतं. पण तळापासून सुरू झालेला ठोका स्नायूतून वाट काढत पसरतो. हृदयाची उजवी बाजू आधी आवळते, डावी मागून. काही रुग्णांत वर्षानुवर्षं असं चाललं की हृदय थकत जातं. निसर्गाने दिलेली विजेची वाट वेगळी आहे. ती खालच्या दोन कप्प्यांमधल्या स्नायूच्या पडद्यातून, डाव्या आणि उजव्या फांदीने जाते. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत मारबुर्ग इथे बसून १९०६ मध्ये ती सगळी वाट शोधून मांडली. ती माहीत होती, पण तिथवर टोक पोचवणं जमत नव्हतं. २००० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायमची लीड थेट हिस बंडलवर, म्हणजे त्या वाटेच्या खोडावर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. त्या शोधनिबंधावर 'देशमुख' हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो कागद घरी नेऊन मुलीला दाखवला होता. पुढे २०१७ साली चीनमधल्या वेनझोऊच्या डॉ. वेइजियान हुआंग यांच्या गटाने आणखी पुढची जागा दाखवली: पडद्यात खोल शिरून डावी फांदी गाठायची. आजोबांना तेच करायचं होतं.

या लीडच्या टोकाला बारीक मळसूत्र असतं, दोन मिलिमीटरलाही थोडं कमी. डॉक्टरांनी टोक पडद्यावर काटकोनात टेकवलं आणि बोटांच्या चिमटीत लीड फिरवू लागले. दोन्ही हातांनी, एकामागून एक, वात वळावी तशी. आता बोलायचं मी.

"इम्पिडन्स ६८०... ७४०... ७९०."

हा तारेच्या टोकाला स्नायूकडून होणारा विरोध. टोक मांसात रुतत जातं तसा आकडा आधी चढतो आणि मग पलीकडची बाजू जवळ आली की उतरू लागतो. एकदम कोसळला तर टोक पडदा फोडून डाव्या कप्प्यातल्या रक्तात निघालं असं समजायचं. ईसीजीच्या व्ही-वन या रेघेत ठोक्याच्या तळाशी असलेली खाच प्रत्येक फेऱ्यागणिक पुढे आणि वर सरकत होती.

"७७०... ७२०... ६९०. सर, व्ही-वनमध्ये आर आला."

आर म्हणजे वर उठणारी लाट. डॉक्टरांचे हात थांबले. टोक डाव्या फांदीपाशी पोचलं होतं. आजोबांचा ठोका, जो मघापर्यंत रुंद आणि बेढब दिसत होता, तो अरुंद झाला. चाळिशीतल्या माणसाचा ईसीजी लावल्यासारखा. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी मला प्रत्येक वेळी हायसं वाटतं.

लीडच्या तारेतून हृदयाची स्वतःची वीजही दिसते. टोक रुतल्याबरोबर तिथे उंच, फुगलेली रेघ उमटली. ती जखमेची खूण. मळसूत्राने स्नायूला नुकतीच इजा केली आहे, म्हणजे पकड बसली आहे. ती दिसली नाही तर आम्हाला काळजी वाटते.

गंमत अशी की याच जखमेने पेसमेकरवाल्यांना कैक वर्षं छळलं. शरीर टोकाला परकं मानून भोवती सूज आणतं, मग चट्टा घट्ट होतो. चट्ट्यात वीज रेंगाळते. आज अर्ध्या व्होल्टमध्ये ऐकणारं हृदय तीन आठवड्यांनी दोन-अडीच व्होल्ट मागू लागे. म्हणून जुन्या यंत्रांतून सरसकट पाच व्होल्ट सोडत. व्होल्ट दुप्पट केले की ऊर्जा चौपट लागते, त्यामुळे सेल भराभर उतरे आणि माणसाला पुन्हा टेबलावर यावं लागे. विल्सन ग्रेटबॅच यांच्या प्रयत्नांमुळे १९७० च्या दशकात लिथियम-आयोडीनचे सेल आले आणि यंत्राचं आयुष्य वाढलं, हे लोकांना थोडंफार ऐकून माहीत असतं. दुसरी अर्धी गोष्ट टोकाची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनेथ स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकाच्या आत सिलिकॉनच्या गोळीत स्टेरॉइड भरलं, एक मिलिग्रॅमहूनही कमी. ते जागच्या जागी हळूहळू पाझरतं आणि सूज चढू देत नाही. टोकाचा पृष्ठभागही गुळगुळीत ठेवायचा सोडून खडबडीत, सच्छिद्र केला, म्हणजे बाहेरून इवलंसं टोक प्रत्यक्षात कितीतरी पट जागेवर स्नायूला भिडतं. एवढ्याशा औषधाने आणि खडबडीतपणाने लाखो माणसांचं एकेक ऑपरेशन टाळलं. मला विचाराल तर डबी लहान होण्यापेक्षा हा शोध मोठा आहे.

मग थ्रेशोल्ड. हृदय कमीत कमी किती व्होल्टला ऐकतं ते मोजायचं. "आजोबा, क्षणभर गरगरल्यासारखं होईल. मी लगेच सावरते."

दोन व्होल्ट. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या काडीमागे, म्हणजे यंत्राच्या झटक्यामागे, ठोका. दीड. एक. ०.७. ०.६. ०.५. काडीमागे ठोका येतोच आहे. ०.४. काडी आली, ठोका नाही. दुसरी काडी, ठोका नाही. मी बटण वर केलं. त्या दोन काड्यांच्या मध्ये आजोबांच्या अंगात रक्त पुढे सरकलं नव्हतं, आणि खोलीत कुणी श्वासही घेतला नव्हता.

"थ्रेशोल्ड ०.५, सर. इम्पिडन्स ६९०. आर वेव्ह ११." आर वेव्ह म्हणजे लीडला दिसणाऱ्या हृदयाच्या स्वतःच्या विजेची उंची.

वरच्या कप्प्यातली दुसरी लीड लवकर बसली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आजोबांना खोकायला लावलं, खोल श्वास घ्यायला लावला, दोन्ही टोकं हलली नाहीत. १० व्होल्ट देऊन पाहिलं, पोट उचकत नाही ना. मग लीडवरची रबरी बाही रेशमी धाग्याने स्नायूला बांधली, कातडीखाली खिसा केला, लीडची शेपटं डबीत बसवली. छोट्या पान्याने स्क्रू आवळताना पाना "कट्ट" वाजतो. डॉक्टर प्रत्येक लीड हळूच ओढून पाहतात. हे ओढून पाहणं कुणी गाळू नये.

डबी २५ ग्रॅमच्या आसपास. लीड तिच्याहून कितीतरी हलकी, आणि कष्ट तिचे जास्त. दिवसाला लाखाहून अधिक ठोके, म्हणजे लाखाहून अधिक वेळा वाकणं. म्हणून आतली तार सरळ नसते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. सेल संपला की डबी बदलतात, लीड शक्यतो तीच ठेवतात. काही वर्षांत ती शिरेच्या भिंतीला चिकटून जाते आणि जंतुसंसर्ग झाला तर काढणं जोखमीचं होतं. यावर उपाय म्हणून लीडच नसलेला पेसमेकर निघाला आहे. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा, वजन दोन ग्रॅम, मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयात अडकवायचा. मायक्रा नावाचा असा पेसमेकर माणसात प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे बसवला. तिथे डबी आणि टोक एकच झालं आहे. आपल्याकडे त्याची किंमत सर्वांना झेपणारी नाही आणि प्रत्येक रुग्णाला तो चालतही नाही. आजोबांसारख्यांसाठी तूर्त लीडच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जाऊन डबीवर प्रोग्रामर धरला. थ्रेशोल्ड ०.५. आजोबा खाटेवर बसून चहा पीत होते, डावा हात झोळीत. महिना-दीड महिना तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पंप ओढायचा नाही, हे सुनेला दोनदा सांगितलं. पेसमेकरच्या ओळखपत्रावर डबीचा नंबर असतो तसा दोन्ही लीडचेही असतात, ते कार्ड घडी घालून फाडू नका, हेही.

"चक्कर गेली?" मी विचारलं.

"गेली. सा म्हैने पित्त म्हनून गोळ्या खाल्ल्या बघ."

वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. घरातल्या वयस्क माणसाला वरचेवर चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चालता चालता पडायला होत असेल, तर त्याच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा, घड्याळ समोर धरा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पन्नासच्या खाली आली तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. नाडी ठीक लागली तरीही बेशुद्ध पडलेल्या माणसाचा ईसीजी चुकवू नका, कारण हा अडथळा कधी येतो, कधी जातो. ईसीजी पाच मिनिटांत निघतो.