एसीची थंडी आणि इंजिनाची ओढ

घाट लागला की एसी बंद करायचा, ही सवय आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या अंगवळणी पडलेली आहे. कसारा असो की खंबाटकी, लहान गाडीची ओढ एसी चालू असताना कमी पडते, कारण कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. याच एसीकडून इंजिनाला उलट ताकद मिळवून देण्याची कल्पना अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी मात्र थेट विक्रीच्या गाडीपर्यंत नेली.

मोटारीत एसी आला तो 1939च्या अखेरीस, पॅकार्डच्या 1940च्या मॉडेलांवर. थंडाव्याची यंत्रणा डिकीतली बरीच जागा खायची. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन सुरू आहे तोवर तो फिरणारच. एसी नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि हाताने पट्टा काढायचा! दोनेक वर्षांत पॅकार्डने तो देणे बंद केले.

इंजिनाला थंड हवा हवी, हे विमानवाल्यांना तेव्हा चांगले ठाऊक होते. हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते. साधारण दर 3 अंशांना 1 टक्का हवा कमी भरते, शिवाय इंजिन नॉक करू लागते. म्हणून 1942च्या स्पिटफायर मार्क 9 मधल्या मर्लिन इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरनंतर ती गार करणारा इंटरकूलर बसवला होता. मोटारींत ओल्ड्समोबिलने 1962 साली जेटफायरच्या टर्बो इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले. त्याची टाकी गाडीच्या मालकाने भरायची होती आणि लोक ती भरेनात. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप कमी केला जाई. 1963 नंतर ती गाडी बंदच झाली. इंजिनात जाणारी हवा एसीने थंड करण्याच्या कल्पनेचे खरे आकर्षण इथे आहे: गॅस बंद नळ्यांतच फिरतो, रोज काही भरावे लागत नाही.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 2 लिटरचे इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे 100 लिटर हवा घेते. ती 20 अंशांनी थंड करायला जेमतेम सव्वादोन किलोवॅट उष्णता काढावी लागते, त्यासाठी कॉम्प्रेसर इंजिनाकडून एक-सव्वा किलोवॅट घेईल. आणि 100 किलोवॅटच्या इंजिनाची ताकद वाढेल सहा-साडेसहा किलोवॅटने. कागदावर फायदाच फायदा.

रस्त्यावर तो टिकत नाही. रोजच्या चालवण्यात अॅक्सिलरेटर पुरता दाबलेला नसतो. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो, म्हणजे हवा आपणच अडवून धरलेली असते. तेव्हा ती थंड करून काय मिळवणार? त्यात आपली किनारपट्टी. मुंबईची 33 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा 13 अंशांवर आणायची तर निम्म्याहून अधिक थंडावा बाष्पाचे पाणी करण्यातच खर्ची पडतो. थंड नळ्यांची जाळी हवेच्या वाटेत आडवी येते, ते वेगळेच.

ही कोंडी फोर्डने फार हुशारीने फोडली, असे माझे मत आहे. जानेवारी 2003 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात त्यांनी लाइटनिंग पिकअपची संकल्पना-गाडी मांडली. तिच्यातला एसी इंजिनाची हवा थेट थंड करत नव्हता. तो एका छोट्या टाकीतले कुलंट गार करून ठेवत होता. चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ते गार कुलंट सुपरचार्जरच्या इंटरकूलरकडे जायचे आणि काही सेकंद सुमारे 50 हॉर्सपॉवर जादा मिळायची. पुढे संथ चालवताना टाकी पुन्हा गार होई. ताकद लागते ती क्षणभर. थंडी मात्र निवांत साठवता येते. सगळी मेख यात होती. ती पिकअप विक्रीला कधीच आली नाही.

विक्रीला आली ती डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन. एप्रिल 2017 मध्ये न्यूयॉर्कला तिचे अनावरण झाले. 6.2 लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-8, आणि 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर 840 हॉर्सपॉवर. ड्रॅग शर्यतीच्या मोडमध्ये एसीचा गॅस केबिनकडून वळवून इंटरकूलरचे कुलंट गार करायला लावला जाई. चालक घामाघूम झाला तरी चालेल, इंजिनाची हवा थंड हवी! शर्यत संपून इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि कुलंटचा पंप चालूच राहत, म्हणजे पुढच्या फेरीला इंजिन तापलेले राहू नये. अशा 3300 गाड्या निघाल्या. चॅलेंजरचे उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबले.

पाव मैलाच्या शर्यतीपुरती ही युक्ती चोख ठरली, आणि तिची जागाही तीच होती. द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीच्या विजेच्या गाड्यांत मात्र एसीच्या गॅसने कुलंट गार करणारा तसाच चिलर आज रोज कामाला लागलेला आहे, तोही सामान्य माणसाच्या गाडीत.

तुमच्या पेट्रोल गाडीच्या इनटेकमध्ये एसीची हवा सोडून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर पैसे घालवू नका. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा आणि इनटेकचे तोंड बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची ताजी हवा घेते ना, एवढे मेकॅनिककडून पाहून घ्या.