देवनागरी अक्षर आणि पडद्यावरील गती : नवे शैलीतंत्र जुन्या प्लगइनांची जागा घेऊ शकेल काय?

संकेतस्थळावरील मजकूर व चित्रे हलती दाखविण्याची गरज जुनीच आहे. ती भागविणारी साधने मात्र पालटत आली. १९९६ साली अवतरलेल्या फ्लॅशने हे काम ब्राउझरमध्ये जोडलेल्या एका स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविले. त्या यंत्रणेचा पाठिंबा अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संपविला. दरम्यान, २००६ मध्ये जेक्वेरी हा जावास्क्रिप्टचा संच प्रसिद्ध झाला व त्याच्या आधाराने अ‍ॅनिमेशनची असंख्य छोटी प्लगइने निर्माण झाली. आता सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरविणारे शैलीपत्रक, स्वतःच गती निर्माण करू लागले आहे. तेव्हा जुन्या प्लगइनांचे प्रयोजन उरले आहे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा वेगाच्या निकषावर दिले जाते. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र आणखी एक निकष लावणे अवश्य आहे : गतिमान होताना अक्षर अखंड राहते किंवा नाही.

प्रथम सामान्य तुलना पाहू जाता असे दिसते की, जेक्वेरीची मूळ रीत घड्याळाच्या ठोक्यांसारखी होती. सुमारे १३ मिलिसेकंदांच्या अंतराने एक आज्ञावली जागी होई व घटकाचे स्थान अथवा पारदर्शकता किंचित बदली. ज्या मुख्य धाग्यावर पानाची इतर सर्व कामे चालतात त्याच धाग्यावर हेही चाले. त्यामुळे अन्य काम लांबले की गती अडखळे. सीएसएसमध्ये आरंभ, शेवट व कालावधी एवढेच सांगितले जाते; मधल्या अवस्था ब्राउझर स्वतः काढतो. स्थानांतर, फिरणे, आकार कमीअधिक होणे व पारदर्शकता ह्यांबाबत तर हे काम मुख्य धाग्यापासून अलग अशा थर जुळविणाऱ्या यंत्रणेकडे देता येते. शिवाय, ज्या वाचकाने आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवण्याची निवड केली असेल त्याची इच्छा शैलीपत्रकातच पाळता येते. उघडझाप, सरकपट्टी, फिरते चिन्ह अशा नेहमीच्या प्रसंगी नवे तंत्र जुन्याची जागा घेते, हे निःशंकपणे म्हणता येईल.

परंतु शीर्षकातील अक्षरे एकामागून एक अवतरविणारी प्लगइने हा वेगळा वर्ग होय. २०१० मधील लेटरिंग.जेएस हे त्यांपैकी एक प्रसिद्ध उदाहरण. अशी प्लगइने शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या वेष्टनात घालतात. तो हलविता यावा म्हणून त्या वेष्टनाला स्वतंत्र चौकटीचे रूप द्यावे लागते. रोमन लिपीत एक संकेत म्हणजे एक अक्षर, हे गृहीतक सहसा खपून जाते. देवनागरीत ते टिकत नाही. ‘निफाड’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरांचा आहे : नि, फा, ड. युनिकोडमध्ये मात्र तो न, ऱ्हस्व इकार, फ, काना व ड अशा पाच संकेतांनी साठविला जातो. त्यातही ऱ्हस्व इकाराचा संकेत ‘न’च्या नंतर येतो, तो आधी दाखविण्याचे काम फॉन्ट व जुळणीची यंत्रणा करतात. संकेतागणिक चौकटी केल्या की ही जुळणी तुटते. वेलांटी ‘न’च्या उजवीकडे पडते आणि बहुधा तिच्याखाली आधाराचे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

जोडाक्षरे आली की दोष अधिक वाढतो. निफाड तालुक्यातील ज्या पाणथळ जागेला २०१९ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्या ‘नांदूरमध्यमेश्वर’चेच नाव घ्यावे. त्यात संकेत १६ आहेत, अक्षरे ८. संकेतांचे गट पाडण्याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियमही २०२३ पूर्वी येथे अपुरा पडे : ‘ध्य’ व ‘श्व’ ही जोडाक्षरे हलन्तानंतर दुभंगत व गट १० होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ ह्या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानली. तेव्हा ही संख्या वाचकाच्या आठाशी जुळली.

शैलीपत्रकाचा मार्ग मुळातच निराळा आहे. तेथे शब्द फोडावा लागत नाही. संपूर्ण शब्दाची जुळणी आधी होते व तिच्यावरील आच्छादन डावीकडून उजवीकडे दूर केले जाते. वेलांटी, रफार, जोडाक्षर व शिरोरेषा ह्यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्रही मूळ शब्दच वाचते. म्हणजे रोमन लिपीत केवळ सोयीचा असलेला हा पर्याय देवनागरीत शुद्धतेचा ठरतो.

तथापि नवे तंत्रही निर्दोष नाही. टंकयंत्राचा आभास निर्माण करणारी सीएसएसची प्रचलित युक्ती ठरावीक टप्प्यांनी रुंदी वाढविते व प्रत्येक टप्पा शून्य ह्या अंकाच्या रुंदीइतका धरते. समरुंद रोमन टंकांना ते मानवते. ‘र’ व ‘ध्य’ ह्यांच्या रुंदीत मोठा फरक असल्यामुळे मराठीत अक्षर मध्येच कापले जाते. येथे टप्पे सोडून सलग गती वापरणे श्रेयस्कर होय. अक्षरांमधील अंतर वाढवीत नेण्याची शैलीही शिरोरेषा तोडीत असल्याने वर्ज्य मानावी.

शिवाय एक मर्यादा मूलभूत आहे. शैलीपत्रकाला पहिले अक्षर निवडता येते. तिसरे वा पाचवे निवडण्याची सोय त्यात नाही. बालवाचकासाठी ‘नि’, ‘फा’, ‘ड’ ही अक्षरे क्रमाने उजळून दाखवावयाची असतील, तर आज्ञावलीचे साहाय्य घ्यावेच लागते. मात्र त्यासाठी जुने प्लगइन नको. जावास्क्रिप्टमधील इंटल.सेगमेंटर ही अंगभूत सोय क्रोममध्ये २०२० पासून व फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ पासून उपलब्ध आहे. ती अक्षरसमूहांनुसार शब्द विभागते. विभागणी तिने करावी व गती शैलीपत्रकाने द्यावी, ही कामाची योग्य वाटणी होय.

सारांश, गती देण्यापुरते जुन्या प्लगइनांचे कार्य नव्या शैलीतंत्राने बहुतांशी आपल्याकडे घेतले आहे. अक्षर ओळखण्याचे कार्य मात्र गतीचे नसून लिपीचे आहे व ते लिपीचे नियम जाणणाऱ्या साधनाकडेच राहिले पाहिजे. मराठी पानासाठी साधन निवडताना ‘नांदूरमध्यमेश्वर’सारखा एखादा शब्द त्यातून काढून पाहावा. आठांची सोळा होत असतील, तर ते साधन कितीही वेगवान असो, मराठीच्या उपयोगाचे नाही.