गावनामे : माल्कमपेठ गेली कुठे?

पुण्याहून एसटीने महाबळेश्वरला पोहोचलेल्या माणसाला ‘तुम्ही माल्कमपेठेत उतरलात’ असं सांगितलं, तर तो भलत्याच गाडीत बसलो की काय म्हणून दचकेल. पण खरं नाव तेच. बाजार, बंगले, वेण्णा तलाव, आज गिरिस्थान नगरपरिषदेच्या हद्दीत मोडणारी ही सगळी वस्ती वसली ती माल्कमपेठ म्हणून. महाबळेश्वर हे पाच-सहा किलोमीटरवरचं देवस्थानाचं गाव, कृष्णा-कोयनेच्या उगमाचं.

1824 साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी साताऱ्याहून हे पठार चढून आला आणि इथल्या थंड हवेचा बोभाटा झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान काढायचं मनावर घेतलं. मुलूख मात्र साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचा. मग 1829 मध्ये अदलाबदल ठरली : डोंगर कंपनीला, त्याबदल्यात वाई भागातलं खंडाळा महाराजांना. (हे पुणे-सातारा रस्त्यावरचं खंडाळा, लोणावळ्याशेजारचं नव्हे.)

मला गंमत वाटते ती ‘पेठ’ची. इंग्रजांनी इतरत्र साहेबांच्या नावाने ‘टाऊन’ आणि ‘गंज’ वसवले. इथे मात्र घडण आपल्याकडची आहे. सदाशिवरावभाऊंची सदाशिव पेठ, नारायणरावांची नारायण पेठ, तशी माल्कमसाहेबांची माल्कमपेठ. नुसत्या बंगल्यांनी गाव होत नाही. वाणी, बलुतेदार, हमाल यावे लागतात, आणि त्यांना ‘पेठ वसते आहे’ याचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

खंडाळ्याचा व्यवहार महाराजांच्या घराण्याला फार दिवस लाभला नाही. 1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब यांनी वेण्णा तलाव बांधवला. ते 1848 मध्ये वारले आणि कंपनीने औरस वारस नाही म्हणून सातारा खालसा केलं. डोंगराच्या मोबदल्यात दिलेलं खंडाळाही त्यातच परत कंपनीकडे.

सरकारी कागदांत माल्कमपेठ पुढे बराच काळ टिकली, लोकांच्या तोंडी मात्र बसली नाही. सगळे नव्या वस्तीलाच महाबळेश्वर म्हणू लागले. परिणाम उफराटा झाला : मूळ गावालाच स्वतःच्या नावामागे ‘क्षेत्र’ किंवा ‘जुनं’ लावून हिंडावं लागतं. मला हा त्या गावावर अन्यायच वाटतो. पॉइंटांची गोष्ट नेमकी उलटी. नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला, माल्कमसाहेबांच्या मुलीच्या नावाने, आणि तो तसाच राहिला. मढीमहाल म्हटलं तर आर्थर सीट कुणाला उमगेल? पॉइंट पाहुण्यांच्या बोलण्यात राहिले. पेठेत रोज बोलायचं होतं ते इथल्या माणसांना, आणि त्यांच्या जिभेवर देवाचं नाव आधीपासून होतं.

पुढच्या आठवड्यात शेजारची पाचगणी, आणि तिथे मुक्काम ठोकलेला जॉन चेसन.