पिस्तुलावरील लाल बिंदू दर्शक

लाल बिंदू दर्शक हे बंदूक, पिस्तूल यांसारख्या शस्त्रांवर बसवले जाणारे, नेम धरण्याचे प्रकाशीय साधन आहे. नेमबाजांच्या बोलण्यात ते ‘रेड डॉट साइट’ किंवा नुसते ‘रेड डॉट’ या नावाने ओळखले जाते. दर्शकाच्या काचेतून पाहिले असता लक्ष्यावर तांबडा ठिपका दिसतो आणि ठिपका जेथे असेल तेथे गोळी लागावी, अशी त्याची जुळणी केलेली असते. हा ठिपका केवळ नेमबाजालाच दिसतो. लक्ष्यावर प्रत्यक्ष प्रकाशकिरण टाकणारा लेझर दर्शक हे वेगळे साधन असून या दोहोंत गल्लत करू नये.

आखूड नळीच्या व लहान बांध्याच्या पिस्तुलाला कॉम्पॅक्ट पिस्तूल म्हणतात. अशा पिस्तुलांवर हा दर्शक बसवण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रूढ झाली. दर्शकामुळे पिस्तुलाची मूळ अचूकता वाढत नाही. नेम धरताना डोळ्याला करावे लागणारे काम तेवढे सोपे होते. हा लाभही दर्शक किती पक्का बसवला आहे आणि त्याची जुळणी किती काटेकोर आहे, यावर अवलंबून असतो.

उघडे दर्शक व त्यांच्या मर्यादा

पारंपरिक पिस्तुलावर पुढच्या टोकाला ‘माशी’ आणि मागच्या बाजूला ‘खाच’ असते. खाचेच्या मधोमध माशी आणून ती लक्ष्याशी जुळवली की नेम साधतो. यात खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. म्हणून नेमबाजाला माशीवर दृष्टी स्थिर करून लक्ष्य काहीसे धूसर दिसू द्यावे, असे शिकवले जाते.

वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते व जवळचे अस्पष्ट दिसू लागते. ज्या कारणाने चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हे नाव पडले, त्याच कारणाने हाताच्या अंतरावरील माशीही धूसर होते.

कॉम्पॅक्ट पिस्तुलात आणखी एक अडचण असते. माशी आणि खाच यांच्यातील अंतर जितके कमी, तितकी जुळणीतील लहान चूक लक्ष्यावर मोठी होते. हे अंतर १५० मिमी असेल आणि माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी सरकली असेल, तर १० मीटरवरील लक्ष्यावर गोळी सुमारे ६७ मिमी बाजूला जाते. अंतर २०० मिमी असते, तर हीच चूक ५० मिमी झाली असती.

कार्यतत्त्व

अंतर्वक्र आरशाच्या नाभीशी ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर समांतर होतात, या शालेय भौतिकशास्त्रातील नियमावर लाल बिंदू दर्शक चालतो. दर्शकाच्या चौकटीत वक्र काच असते. तिच्यावरील लेप फक्त तांबडा प्रकाश परावर्तित करतो आणि इतर रंगांचा प्रकाश आरपार जाऊ देतो. काचेच्या नाभीशी सूक्ष्म प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, बसवलेला असतो. त्याचे किरण काचेवरून परावर्तित होऊन समांतर रूपात डोळ्यात शिरतात. त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता फार दूर, लक्ष्याच्या जागी असल्यासारखा भासतो. नेमबाजाला दृष्टी लक्ष्यावरच ठेवता येते. डोळा काचेच्या मध्यापासून थोडा सरकला तरी ठिपका साधारणपणे त्याच दिशेला दिसत राहतो.

ठिपक्याचा आकार कोनात, ‘कला’ या एककात सांगितला जातो. एका अंशाच्या ६० कला होतात. एक कला १०० मीटरवर सुमारे २९ मिमी, २५ मीटरवर सुमारे ७.३ मिमी आणि १० मीटरवर सुमारे २.९ मिमी इतकी जागा व्यापते. ४ कलांचा ठिपका १० मीटरवर सुमारे ११.६ मिमी जागा झाकतो. १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो, म्हणजे हा ठिपका ते वर्तुळ जवळजवळ पूर्ण झाकतो. मोठा ठिपका चटकन सापडतो, तर लहान ठिपक्याने नेम अधिक बारकाईने धरता येतो.

इतिहास

परावर्तक दर्शकाची कल्पना डब्लिन येथील दुर्बीणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. दोन्ही महायुद्धांच्या काळात या तत्त्वावरील दर्शक लढाऊ विमानांत वापरले गेले. एलईडी व लहान विद्युत घट उपलब्ध झाल्यावर स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक लाल बिंदू दर्शक बाजारात आणला.

पिस्तुलांवर त्याचा वापर प्रथम गतिमान नेमबाजीच्या खेळात झाला. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झालेल्या या खेळाच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचे डग कोएनिग लाल बिंदू दर्शक वापरून विजेते ठरले. त्या काळचे दर्शक मोठे असल्याने ते पिस्तुलाच्या सांगाड्याला जोडलेल्या आधारावर बसवले जात. पुढे दर्शक अंगठ्याच्या पेराएवढे लहान झाले आणि थेट स्लाइडवर बसवले जाऊ लागले. ग्लॉक कंपनीने २०१५ मध्ये दर्शकासाठी आधीच जागा केलेली पिस्तुले आणली. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या एम१७ आणि त्याच्या कॉम्पॅक्ट आवृत्तीच्या, म्हणजे एम१८ पिस्तुलाच्या, स्लाइडवरही अशी सोय आहे.

भारतात पुण्याची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आणि महू येथील इन्फंट्री स्कूल यांनी मिळून ‘अस्मी’ हे ९ मिमीचे मशीन पिस्तूल विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले. त्याच्या वरच्या भागावर दर्शक बसवण्यासाठी दातेरी पट्टी आहे. हा भाग गोळी झाडताना मागेपुढे होत नाही. साध्या पिस्तुलाच्या स्लाइडवर मात्र दर्शकाला प्रत्येक गोळीगणिक स्लाइडबरोबर मागे जाऊन पुन्हा पुढे आदळावे लागते. कॉम्पॅक्ट पिस्तुलावर दर्शक बसवणे हे नाजूक काम ठरते ते यामुळेच.

बसवण्याच्या पद्धती

१. खाचेच्या जागी पट्टी : मागील खाच काढून तिच्या खोबणीत पट्टी बसवतात व तिच्यावर दर्शक जोडतात. स्लाइडला धक्का लागत नाही. मात्र दर्शक उंच बसतो आणि जोड तुलनेने कमकुवत राहतो.

२. स्लाइड कोरणे : मिलिंग यंत्राने स्लाइडवर दर्शकाच्या मापाची बैठक कोरतात. दर्शक सखल व पक्का बसतो. मात्र ही बैठक एकाच घडणीच्या दर्शकाला चालते आणि कोरलेला धातू परत भरता येत नाही.

३. कारखान्यातच केलेली जागा : स्लाइडवर तयार बैठक असते आणि निरनिराळ्या दर्शकांसाठी जोडपट्ट्या मिळतात. स्लाइड, पट्टी आणि दर्शक असे दोन जोड असल्याने दोन्हीकडचे स्क्रू तपासावे लागतात.

४. सांगाड्यावरील आधार : दर्शक स्लाइडवर नसून स्थिर सांगाड्यावर असतो. त्याला धक्के कमी बसतात. पण पिस्तूल अवजड होते व कॉम्पॅक्ट असण्याचा हेतूच उरत नाही.

दर्शकाच्या तळाचा आकार, छिद्रांची जागा आणि धक्का पेलणाऱ्या खुंट्या यांची मापे कंपनीगणिक बदलतात. कॉम्पॅक्ट पिस्तुलांची स्लाइड अरुंद असल्याने त्यांच्यासाठी कमी रुंदीच्या तळाचे दर्शक निघाले आहेत. स्लाइड हलकी असल्यामुळे दर्शकाच्या ३० ते ४० ग्रॅम वजनाचाही तिच्या गतीवर परिणाम होऊ शकतो. दर्शक बसवल्यावर रिकामी पुंगळी नीट बाहेर पडते का आणि पुढचे काडतूस विनासायास आत जाते का, हे पाहणे आवश्यक असते.

बसवताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढून नळीच्या मागील कक्षात काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केली जाते. काडतुसे त्या खोलीत ठेवली जात नाहीत. स्क्रू आणि छिद्रे यांवरील तेल स्पिरिटने पुसून काढतात, कारण तेलकट आट्यांवर स्क्रू पकडणारा द्रव धरत नाही. पुन्हा काढता येतील अशा स्क्रूंसाठी मध्यम ताकदीचा, साधारणपणे निळ्या रंगाचा द्रव वापरतात.

स्क्रूची लांबी बरोबर असावी लागते. स्क्रू आखूड असेल तर त्याच्या पुरेशा आट्या धरत नाहीत. तो लांब असेल तर स्लाइडच्या आतील भागांना टेकून पिस्तुलाचे काम अडवू शकतो. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळतात. किती बळ लावावे याचा आकडा निर्माता देतो. तो बहुधा १ ते २ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो आणि त्यासाठी बळ मोजणारा पाना लागतो. केवळ हाताच्या अंदाजाने आवळल्यास बारीक स्क्रू तुटण्याचा किंवा सैल राहण्याचा संभव असतो. द्रव सुकायला साधारण एक दिवस दिला जातो. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून दर्शकाच्या अंगावर रंगाची बारीक रेघ ओढतात. पुढे रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरल्याचे लगेच कळते.

शून्य जुळणी

बसवलेला दर्शक आणि नळी यांची दिशा जुळवण्याच्या क्रियेला शून्य जुळणी म्हणतात. मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावर, पिस्तूल टेकवून, ठरावीक अंतरावरून पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून झाडतात. एका गोळीवरून निष्कर्ष न काढता पाचही खुणांचा मध्य काढतात.

समजा, १० मीटरवर हा मध्य नेमबिंदूच्या २९ मिमी खाली आणि १५ मिमी डावीकडे आला. दर्शकाचा स्क्रू एका ‘क्लिक’ला एक कला सरकत असेल, तर १० मीटरवर एका क्लिकने २.९ मिमी फरक पडतो. म्हणून वरच्या दिशेने १० आणि उजव्या दिशेने ५ क्लिक फिरवावे लागतात. त्यानंतर पुन्हा पाच गोळ्या झाडून पडताळा घेतात. दर्शक नळीच्या वर असल्यामुळे शून्य जुळणीच्या अंतरापेक्षा खूप जवळच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या थोडी खाली लागते. खुणा दर वेळी वेगळ्या ठिकाणी विखुरत असतील, तर दोष बहुधा सैल जोडाचा किंवा हाताळणीचा असतो. तो क्लिक फिरवून जात नाही.

मर्यादा

दर्शक विजेवर चालतो आणि घट संपल्यास ठिपका नाहीसा होतो. म्हणून अनेक जण उंच माशी व खाच कायम ठेवतात. उघड्या घडणीच्या दर्शकात एलईडी आणि काच यांच्यामध्ये धूळ किंवा पावसाचा थेंब बसला तर ठिपका फुटलेला दिसतो. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा रखरखीत उन्हात ठिपक्याची तीव्रता कमी ठेवल्यास तो दिसेनासा होतो. दृष्टिवैषम्य असलेल्यांना गोल ठिपक्याऐवजी स्वल्पविरामासारखा फराटा दिसू शकतो. हा दोष दर्शकाचा नसून डोळ्याचा असतो. नवशिक्याला पिस्तूल उचलल्यावर काचेत ठिपका न सापडणे ही नेहमीची अडचण असून ती सरावानेच दूर होते. चाप झटक्याने ओढण्याची सवय मात्र कोणताही दर्शक दूर करू शकत नाही.

स्पर्धांचे नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार पिस्तूल प्रकारांत फक्त उघडे दर्शक चालतात. भिंगाचे, आरशाचे, लेझरचे किंवा इलेक्ट्रॉनिक ठिपक्याचे दर्शक निषिद्ध आहेत. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर पिस्तूल व २५ मीटर पिस्तूल हे प्रकार याच नियमांनी खेळले जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेले सुवर्णपदक उघड्या दर्शकांवरचेच आहे. गतिमान नेमबाजीत मात्र प्रकाशीय दर्शकांसाठी स्वतंत्र गट आहेत.

जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने एअर पिस्तुलावर लाल बिंदू दर्शक लावून सराव केल्यास ऑलिंपिक प्रकारांच्या स्पर्धेत त्याला ते पिस्तूल तसे वापरता येणार नाही. शिवाय माशीवर दृष्टी स्थिर करण्याची मूलभूत सवयही त्याला लागणार नाही. स्पर्धेची तयारी करणाऱ्याने आरंभापासून उघड्या दर्शकांवरच सराव करणे इष्ट ठरते.

कायदेशीर बाजू

भारतात पिस्तूल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तो देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे. लष्कर व पोलीस दलांत वापरल्या जाणाऱ्या ९ मिमी काडतुसाची पिस्तुले सामान्य नागरिकांना सहसा मिळत नाहीत; परवानाधारकांकडे बहुधा .३२ बोअरची पिस्तुले असतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार .१७७ इंचापर्यंतच्या बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.

स्लाइड कोरण्याचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. अधिनियमाच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. पिस्तूलधारकाकडे पिस्तूल बाळगण्याचा परवाना असला, तरी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथ किंवा मिलिंग कारागिराला त्या पिस्तुलावर काम करण्याची मुभा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनासाठी किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्यामुळे असे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावे लागते.