शब्दाचें वय

युरोपच्या इतिहासांतील पारिभाषिक शब्द मुलें घोकून पाठ करितात. परंतु शब्दालाहि वय असतें, हें त्यांस क्वचितच सांगितलें जातें. आपल्या ठाणें-कल्याणकडेच पाहा. कल्याण बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत आहे. आणि घाटावर कार्ल्याच्या लेण्यांत कांहीं दाते स्वतःस 'यवन' म्हणवितात. यवन म्हणजे मूळचे आयोनियाचे, अर्थात् ग्रीक. पुढें हाच शब्द मुसलमानांस लावला गेला. तो अर्थ कार्ल्यास लावणारा वाचक इस्लामच्या उदयापूर्वींच मुसलमानांस येथें आणून बसवील!

'फिरंगी' हें मूळचें फ्रँक लोकांचें नांव. अरबी-फारशींतून येऊन तें ठाणें-वसईच्या पोर्तुगीजांस चिकटलें.

'क्रांति' हा तर ज्योतिषांतील सूर्यगतीचा शब्द. युरोपांतहि 'रेव्होल्यूशन' म्हणजे प्रथम खगोलांचें भ्रमणच. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथनामांत तो त्याच अर्थानें आहे. दोन्ही शब्द पुढें आकाशांतून भूमीवर उतरले. औद्योगिक क्रांतीची आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आणि १८५४ सालीं कल्याणास आली.

यास्तव मुलांस शब्दाचा अर्थ विचारतांना, 'कोणत्या शतकांतला?' हेंहि अवश्य विचारावें.