दूधसागरचा पूल आणि राजकन्येची गोष्ट



आपली डिचोली नदी मांडवीला मिळते. दूधसागरचे पाणीही खांडेपार नदीतून मांडवीलाच येते. सह्याद्रीतला हा धबधबा ३०० मीटरांहून उंच आहे. त्याच्या मधोमध दगडी कमानींचा रेल्वे पूल आहे.

दंतकथा अशी की, एक राजकन्या डोंगरातल्या तळ्यात स्नान करून सोन्याच्या घड्यातले दूध पीत असे. एकदा झाडाआडून कोणी तरुण पाहतो आहे असे दिसताच तिने दूध ओतले. त्या दुधाचा पडदा झाला, तोच दूधसागर!

पाणी खरोखर पांढरे का दिसते? खडकांवर आपटून त्याचे बारीक तुषार होतात, त्यात हवा मिसळते, म्हणून.

पोर्तुगीज काळात, १८८८ साली, हा लोहमार्ग कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला. राजकन्येची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण घाटात, जंगलात, डोंगर फोडून दगडावर दगड रचणाऱ्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक आहेत? गाडीतून हा पूल पाहाल तेव्हा त्यांना मनोमन नमस्कार करा, असे आम्हांला वाटते. मात्र फोटोसाठी रुळांवर उतरू नका. तो गुन्हा आहे आणि जिवालाही धोका आहे.