मुसरारातील पँथर आणि मायभूमीचा प्रश्न

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ साली, जेरुसलेम शहरातील काही तरुणांनीही हेच नाव धारण केले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हे तरुण अरब मुसलमान नव्हते. ते ज्यू होते, आणि ज्यूंसाठीच स्थापन झालेल्या राष्ट्रात त्यांना हे नाव घ्यावेसे वाटले. असे का घडले? पॅलेस्टाईनचा प्रश्न विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मी या प्रश्नापासून सुरुवात करतो. कारण 'यहुदी विरुद्ध मुसलमान' या ठोकळेबाज मांडणीत जे दडून जाते, ते येथे उघडे पडते.

मूळ हकीकत थोडक्यात अशी. युरोपात ज्यूंचा शतकानुशतके छळ झाला. हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. आपली स्वतःची भूमी असावी ही त्यांची मागणी या छळातून आली. ती खोटी नव्हती. परंतु ब्रिटिशांनी १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने ज्या भूमीचे आश्वासन दिले, ती रिकामी नव्हती. तेथे अरब शेतकरी, कारागीर, व्यापारी पिढ्यान् पिढ्या राहत होते. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने फाळणीचा ठराव केला, तेव्हा लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या वाट्याला सुमारे ५५ टक्के भूमी आली. अरबांनी ठराव नाकारला, युद्ध झाले, आणि १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. ते या घटनेला 'नकबा' म्हणजे महासंकट म्हणतात. निर्वासितांना परत येऊ द्यावे, असा ठराव राष्ट्रसंघाने त्याच वर्षी डिसेंबरात केला. तो कागदावरच राहिला. उलट १९५० मध्ये इस्रायलने दोन कायदे केले. एकाने जगातील कोणाही ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. दुसऱ्याने परागंदा झालेल्या अरबांची घरे व जमिनी सरकारी ताब्यात घेतल्या.

या रिकाम्या घरांत कोण राहावयास आले, हे आपण पाहिले पाहिजे. मोरोक्को, इराक, येमेन, इराण या देशांतून लाखो ज्यू तेथे आले. काही धर्मश्रद्धेने आले, काही भीतीने. इराकमधून गेलेल्यांची मालमत्ता तेथील सरकारने गोठविली. म्हणजे तेही उखडलेलेच होते. परंतु नव्या राष्ट्राची सूत्रे युरोपीय ज्यूंच्या, म्हणजे अश्केनाझींच्या, हाती होती. या पौर्वात्य ज्यूंच्या अंगावर उतरताच डीडीटीची भुकटी फवारली गेली. त्यांना तंबूंच्या व पत्र्यांच्या छावण्यांत ठेवले गेले आणि पुढे सरहद्दीवरील गावांत किंवा अरबांच्या सोडलेल्या वस्त्यांत वसविले गेले. हैफातील वादी सालिब ही अशीच एक वस्ती. १९५९ साली तेथे एका मोरोक्कन रहिवाशावर पोलिसांनी गोळी झाडली आणि उद्रेक झाला.

जेरुसलेममधील मुसरारा ही दुसरी. १९४८ पूर्वी ती सुखवस्तू पॅलेस्टिनींची वस्ती होती. पुढे तेथे मोरोक्कन कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. १९६७ पर्यंत वस्तीलगत काटेरी तारा होत्या आणि पलीकडे जॉर्डनचे सैनिक. शाळा सुटलेली, काम नाही, पोलिसांत नोंद झालेली, अशा तेथील तरुणांनी १९७१ मध्ये ब्लॅक पँथर स्थापन केली. रूवेन अबेरजेल, सादिया मार्चियानो, चार्ली बिटॉन, कोखावी शेमेश ही त्यातील ठळक नावे. मे महिन्यातील त्यांच्या निदर्शनास हजारो लोक आले आणि अनेकांना अटक झाली. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी 'ही चांगली मुले नाहीत' असा शेरा मारला. १९७२ मध्ये पँथरांनी रेहाविया या श्रीमंत वस्तीतील दारांपुढच्या दुधाच्या बाटल्या उचलून गरीब वस्तीतील मुलांना वाटल्या. सरकारला समिती नेमावी लागली, घरबांधणी व कल्याणाचा खर्च वाढवावा लागला. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धानंतर मात्र हा प्रश्न मागे पडला.

आपल्या मराठी मुलखाचाही येथे धागा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे, शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल १९४८ नंतर मोठ्या संख्येने तेथे गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी परक्या समुद्रकाठी आपला शनिवार जपला, त्यांनाच शुद्धतेचा दाखला मागितला गेला! त्यांनी धरणे धरले, आणि १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. परंतु यातील अनेक मराठी कुटुंबे ज्या लोड गावी स्थायिक झाली, तेथून जुलै १९४८ मध्ये हजारो पॅलेस्टिनींना हाकलले गेले होते, हेही सांगितलेच पाहिजे.

येथे बाबासाहेबांनी उलगडून दाखविलेली श्रेणीबद्ध विषमता आठवते. तेथील व्यवस्था म्हणजे जातिव्यवस्था, असे मी म्हणत नाही. परंतु पायरीचे तंत्र तेच आहे. मधल्या पायरीवरच्याचा वरच्यावर राग असतो, आणि खालची पायरी हातून जाण्याची भीतीही असते. १९७७ मध्ये पौर्वात्य ज्यूंनी मजूर पक्षाला धडा शिकविला तो बेगिन यांच्या उजव्या पक्षाला मते देऊन. आणि व्याप्त प्रदेशातील वसाहती त्या राजवटीत झपाट्याने वाढल्या. दुसरी वाटही होती. चार्ली बिटॉन त्याच निवडणुकीत ज्यू-अरब कम्युनिस्टांच्या आघाडीतून संसदेत गेले. पण त्या वाटेने जाणारे थोडे निघाले.

याची किंमत आज दिसते. गाझाजवळचे स्देरोत हे गाव पौर्वात्य ज्यूंच्या छावणीतून वाढले, ते नज्द या उठविलेल्या अरब गावाच्या जमिनीवर. नज्दचे लोक गाझात गेले. गाझातील बहुसंख्य लोक अशाच निर्वासितांची मुले-नातवंडे आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, त्यांत स्देरोतचेही रहिवासी होते. त्यानंतरच्या युद्धात गाझात साठ हजारांहून अधिक माणसे मेल्याचे तेथील आरोग्य खात्याचे आकडे सांगतात.

निःशस्त्र माणसांची हत्या कोणीही केली तरी ती हत्याच. परंतु दोन्हीकडे प्रेते आहेत म्हणून दोघे समान स्थितीत आहेत, असे होत नाही. एकाजवळ राज्य, सैन्य आणि परतण्याचा कायदा आहे. दुसऱ्याजवळ निर्वासिताचे कार्ड आहे. पूर्वी सोसलेला छळ कोणालाही दुसऱ्याचे घर घेण्याचा परवाना देत नाही. मायभूमीचा कोणताही दावा तपासताना कार्यकर्त्याने प्रथम एवढेच विचारावे: या घरात आधी कोण राहत होते, आणि ते आज कोठे आहेत?